टाचा टेकवून

बस वळणावर कलली आणि त्याच वेळी शर्टाच्या खिशातला फोन थरथरला, नेमका छातीवर, म्हणून तो दचकला. बसमध्ये फोनवर बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. शेजारचा माणूस ऐकतोय असं वाटायचं, आणि शेजारी कोणी नसलं तर रिकामी सीट ऐकतेय असं वाटायचं. पण नंबर जुन्या कार्यालयाचा होता. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी ते पहिले चार आकडे पाहताच पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. पलीकडून एका तरुण बाईचा आवाज आला. "सर, मी बालशिक्षण विभागातून बोलतेय. धोरणाच्या नव्या आवृत्तीचं काम माझ्याकडे आहे. दोन मिनिटं बोलू शकता का?"

"बोला ना," तो इतक्या हळू म्हणाला की तिला पुन्हा "हॅलो?" म्हणावं लागलं.

"जुन्या धोरणाचं परिशिष्ट तीन, ओळ सात. हात धुण्याच्या बेसिनची उंची, तीन ते चार वर्षांची मुलं, चोपन्न सेंटिमीटर. सर, हा आकडा कुठून आला? टिप्पणीत नुसतं 'प्रत्यक्ष मोजमापावरून' एवढंच आहे आणि खाली तुमची सही. किती मुलं मोजली, कुठे मोजली, काही नाही. बाकी सगळ्या आकड्यांना आधार आहे, ह्या एकालाच नाही."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.  "आता लगेच…" तो म्हणाला आणि थांबला.

"काही कटकट नाही सर. तुम्ही 'हो, बरोबर आहे' एवढं म्हणालात तरी चालेल, मी तसं लिहून तोच आकडा पुढे चालू ठेवते. चार वाजता मसुदा छपाईला जातोय, म्हणून घाई."

हो, बरोबर आहे. तीन शब्द, एका श्वासात बसणारे. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं नीट करून देणाऱ्या माणसाला एवढं वाक्य जड जायला नको होतं. "बघून सांगतो," तो म्हणाला. फोन बंद झाल्यावर त्याला वाटलं, काय बघून? घरात ना ती फाइल, ना ती टेप. बघायला होता तो फक्त एक गुरुवार, आणि तो त्याने तीस वर्षं पुन्हापुन्हा बघितला होता.

बालवाडीसमोरचा थांबा यायला अजून एक थांबा होता, पण तो आधीच उतरला. एक वाजून गेला होता. नातीला आणायचं अडीचला. चालावं थोडं, पाय हलले की डोकं हलतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बसमधल्या सगळ्यांनी ऐकलं असणार अशी त्याची खात्री पटली होती. फुटपाथवर एका दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं: कोपराला विरलेलं स्वेटर, बगलेत पुस्तक, मान थोडी पुढे, जणू कुणीतरी समोरच्या फळ्यावर बारीक अक्षरात लिहिलंय. कार्यालयात त्याला मागून 'स्वल्पविराम' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात आवडतही होतं. मंत्र्यांच्या भाषणापासून सफाईच्या परिपत्रकापर्यंत कुठलाही कागद त्याच्या टेबलावरून गेला की दोन स्वल्पविराम वाढून आणि एक विशेषण गळून परत यायचा. तेवढीच त्याची सत्ता. त्याच्याहून मोठी सत्ता त्याने कधी मागितली नाही, आणि एकदाच मिळाली तेव्हा तिचं काय केलं, तर परिशिष्ट तीन, ओळ सात.

चौथ्या मजल्यावरची समितीची ती खोली त्याला अजून वासासकट आठवत होती: लाकडी टेबलाचं पॉलिश, ओल्या छत्र्या, आणि अध्यक्षबाईंच्या पेपरमिंटच्या गोळ्या. अध्यक्षबाई मुलांच्या डॉक्टर. चाळीस वर्षं मुलांचे घसे बघितले म्हणून की काय, मोठी माणसं बोलायला लागली तरी त्या त्यांच्या तोंडात अगदी आतपर्यंत बघायच्या. त्याआधी देशात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी असं एक धोरण नव्हतंच. मूल लस टोचेपर्यंत आरोग्य खात्याचं, आईच्या कडेवर असेपर्यंत महिला खात्याचं, आणि सहा वर्षांचं झालं की शिक्षण खात्याचं. अध्यक्षबाई म्हणायच्या, "मधली तीन वर्षं ते पोर तुमच्या तिन्ही खात्यांच्या भिंतींमधल्या फटीत राहतं. उंदरासारखं." तीन वर्षं ती समिती बसली. तो टेबलाच्या पार शेवटी, दाराजवळ, पेन्सिल घेऊन. सदस्यांत एक निवृत्त हेडमास्तर होते. ते टेबलावर मूठ आपटायचे आणि पाण्याचे पेले नाचायचे. "अक्षरं नाहीत, आकडे नाहीत, नुसतं खेळायचं? माझा नातू तीन वर्षांचा आहे. शंभरपर्यंत म्हणतो, शंभरपर्यंत!"

"म्हणू दे की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पोपटही म्हणेल. त्याला स्वतःचे बूट घालता येतात का?"

हेडमास्तरांची मूठ टेबलावरच राहिली. नातवाला बूट आपणच घालतो हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. बाकीचे हसले. दाराजवळ त्याने हसू दाबलं, पण त्या एका शब्दावर त्याची पेन्सिल अडली. स्वतःचे. त्या दिवशी स्वच्छतेचं कलम लिहिलं जात होतं. मसुद्यात होतं, 'प्रत्येक केंद्रात मुलांचे हात धुण्याची सोय असावी.' धुण्याची सोय. म्हणजे कुणीतरी धुणार, मूल नुसतं हात पुढे करणार. त्याचे कान तापले. समितीत बोलण्याचा त्याला अधिकार नव्हता. तीन वर्षांत तो 'खिडकी लावू का?' याखेरीज काही बोलला नव्हता. पण तो बोलला. म्हणाला, "इथे 'मुलाला आपले हात स्वतः धुता येतील अशी सोय' असं… म्हणजे, भाषेच्या दृष्टीने." भाषेच्या दृष्टीने हे त्याने भीतीपोटी जोडलं.  अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पार शेवटपर्यंत, दारापर्यंत बघितलं. "भाषेच्या नाही हो," त्या म्हणाल्या, "मुलाच्या दृष्टीने. लिहून घ्या."

तो एक शब्द त्याचा होता. देशाच्या धोरणात, पान एकोणीस, वरून पाचवी ओळ. कुठेही त्याचं नाव नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. पण नवी बालवाडी दिसली की तो रस्त्यात थांबायचा. पिवळ्या फाटकांच्या, पत्र्याच्या छपरांच्या, बाजाराच्या वर दोन खोल्यांत भरणाऱ्या कितीतरी बालवाड्या त्याने अशा उभ्याउभ्या बघितल्या. पंचवीस मुलांमागे एक ताई हे त्या धोरणाने आणलं. घरात जी भाषा बोलतात तीच बालवाडीत, हेही. परीक्षा नाही, पाटीवर गिरवणं नाही. ठोकळे, पाणी, वाळू, गोष्टी. आतून मुलांचा कालवा यायचा आणि त्याची छाती भरून यायची, इतकी की आजूबाजूला कोणी बघतंय का हे आधी पाहून मगच तो ती भरू द्यायचा. बायको म्हणायची, "परक्यांच्या फाटकाशी असं उभं राहू नका हो, पोलीस नेतील." तो म्हणायचा, "नेऊ दे, कलम दाखवीन." हा त्याचा आयुष्यातला सर्वांत धीट विनोद होता, आणि तोही फक्त घरात.

पण शब्दाच्या शेजारी आकडा होता. स्वतः धुता येतील म्हणजे बेसिन किती उंचीवर, हे परिशिष्टात लिहायला हवं होतं. बांधकाम खात्याने तक्ता पाठवला तो सहा वर्षांपासून पुढचा. त्याखालच्या मुलांची मापं कुणाकडेच नव्हती, कारण ती मुलं कुणाचीच नव्हती. शुक्रवारी परिशिष्टं बंद व्हायची होती. बुधवारी जिन्यात अध्यक्षबाईंनी त्याला गाठलं. "तुमच्या घरी तीन वर्षांची आहे ना? जमिनीपासून कोपरापर्यंत मोजून आणा. आणि एकटीच नको, आजूबाजूची वीसएक पोरं मोजा. बेसिनची कड कोपराशी आली की पाणी बाहीत शिरत नाही." तो हो म्हणाला. गुरुवारी दुपारी तो रजा टाकून घरी आला, शिवणाच्या डब्यातली टेप खिशात घातली आणि समोरच्या दारापर्यंत गेला. आतून मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. बेल वाजवायला त्याने हात उचलला. काय म्हणायचं? मी समोर राहतो, तुमच्या मुलाचं कोपर मोजू का? चार वर्षं समोर राहूनही त्याला त्या माणसाचं नाव नीट माहीत नव्हतं. हात तसाच खाली आला. मग खालचा मजला, तिथे कुत्रा. मग बाग, तिथे बाकांवर बसलेल्या आया आणि टेप घेऊन आलेला एक माणूस. त्या कशा बघतील हे डोळ्यांसमोर आलं आणि तो फाटकातूनच फिरला. शेवटी घरी आला आणि लेकीला भिंतीशी उभी केली. ती त्या दिवशी इतकी खूश होती की श्वास रोखून, डोळे मोठे करून उभी राहिली. आपलं काहीतरी सरकारी काम होतंय हे तिला कळलं होतं. चोपन्न. त्याने दोनदा मोजलं, दोन्ही वेळा चोपन्न. आणि टिप्पणीत लिहिलं, 'प्रत्यक्ष मोजमापावरून.' त्यात खोटं काही नव्हतं. एवढं कसबी वाक्य त्याने आयुष्यात दुसरं लिहिलं नाही.

धोरण छापून आलं. दोन वर्षांनी लेक शाळेत जायची झाली, तेव्हा गणवेशासाठी तिला शिंप्याकडे नेलं. शिंप्याने खांद्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडली आणि तो हसायलाच लागला. "टाचा खाली, बाईसाहेब! नाहीतर उद्या झगा जमीन झाडेल." तेव्हा लेक म्हणाली, "बाबांनी मोजलं ना, तेव्हा पण मी अश्शीच उभी होते. मोठी दिसायला." शिंपी हसला, बायको हसली. तो टेपकडे बघत राहिला. आता खरं माप घे म्हणून सांगायचंही त्याला सुचलं नाही. टाचा उचललेल्या. चार बोटं, पाच बोटं? तोवर पाचशे बालवाड्यांत बेसिनं लागली होती. त्यानंतर जिथे बालवाडी सुटायची तिथे त्याची नजर मुलांच्या चेहऱ्यावर जाण्याआधी बाह्यांवर जायची. उजवी बाही कोपरापर्यंत ओली, डावी तिच्याहून ओली. पाण्यासाठी हात वर करावा लागला की पाणी खाली येतं, त्याला धोरण समजत नाही. देशभर रोज किती ओल्या बाह्या, याचा हिशेब त्याने कधी केला नाही, पण हिशेब त्याला सोडत नव्हता. सांगायला हवं होतं. कुणाला? कुणाच्या तरी केबिनमध्ये जाऊन, उभं राहून. मूग गिळून बसायला त्याला कधी शिकवावं लागलं नव्हतं. मग अध्यक्षबाई वारल्या, आणि ज्यांना सांगणं शक्य होतं त्या एकट्याही गेल्या.

चौकातल्या बाकावर बसून त्याने लेकीला फोन लावला. ती पूल बांधणारी इंजिनिअर. मागे कसलीतरी घरघर चालू होती. "बाबा? बरं आहे ना सगळं? तुम्ही स्वतःहून फोन केलात म्हणजे घर तरी पडलंय नाहीतर आई तरी."

"काही नाही ग. ते तुझ्या टाचांचं…"

"अरे देवा. अजून?"

त्याने सांगितलं. कार्यालय, ओळ सात, चार वाजता. घरघर थोडी लांब गेली. ती बाजूला आली असावी. "म्हणजे देशातल्या बेसिनांची उंची मी ठरवली," ती म्हणाली. "हे मला नोकरीच्या अर्जात घालायला हवं होतं. आणि बाबा, मी एक खांब तपासून पूल उभा केला असता ना, तर मला तुरुंगातच टाकलं असतं."

"म्हणून तर म्हणतो. हो बरोबर आहे म्हणून टाकू का? आता ह्या वयात…"

तिने त्याला पुरं बोलू दिलं नाही.  म्हणाली, "अध्यक्षबाई काय म्हणाल्या होत्या तुम्हाला? किती मोजा?"

"वीस."

"एक मोजली. मग राहिलेली एकोणीस मोजा. आत्ता. तुम्ही बालवाडीतच चाललाय, तिथे मुलं आहेत. आणि कुणाला विचारायचं असेल तर तोंड उघडून विचारा. मला परत फोन करू नका. म्हणजे, करा, पण मोजून झाल्यावर." आणि फोन ठेवण्याआधी, मऊ आवाजात, "आणि ह्या वेळी पायांकडे बघा हं, बाबा."

त्याने बालवाडीचं फाटक लोटलं. आत जेवणं नुकतीच उरकली होती आणि मुलं हात धुवायला रांगेत उभी होती. चार पांढरी बेसिनं भिंतीवर एका ओळीत, त्यांची कड बहुतेकांच्या छातीच्या जवळपास. नात रांगेत दुसरी. तिने त्याला बघितलं नाही, कारण ती कामात होती. टाचा उचलल्या, छाती बेसिनच्या कडेला टेकली, हात वर गेले, आणि पाण्याची एक बारीक धार मनगटावरून कोपराकडे निघाली. हात मात्र तिने छान चोळले, बोटांच्या मधेही. ताई दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, दणकट, कायम थोड्या धापा टाकणाऱ्या. "आज लवकर, आजोबा? बसा. ही धुलाई उरकली की देते तुमची राणी."

"इथे एक फळी असायची ना? पायाखाली?"

"असायची! मीच आणली होती. गेल्या वर्षी तपासणीला आल्या त्या बाई म्हणाल्या, नियमात चोपन्नची उंची आहे, फळी कुठेच नाही, पोर घसरलं तर जबाबदार कोण? काढली. आता रोज बावीस-तेवीस ओल्या बाह्या. आयांची बोलणी मी खाते." ताईंनी एका मुलाचा हात पुसता पुसता मान हलवली. "कोणी ठरवलं असेल हो हे माप? मूल बघितलं तरी होतं का त्याने आयुष्यात?"

"एक बघितलं होतं," तो म्हणाला.

ताई हसल्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू हळूहळू आवरलं. टॉवेल हातातच राहिला. त्याला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. ती दुभंगली नाही. बालवाडीची फरशी भक्कम होती, तीही धोरणातच होती. "मी ठरवलं," तो म्हणाला. "म्हणजे लिहिलं. वीस मुलं मोजायला सांगितली होती. मला कुणाला विचारायची लाज वाटली. माझ्या मुलीला मोजलं, आणि ती टाचा उचलून उभी होती. ताई, तुमच्याकडे टेप आहे? मला ह्या मुलांना मोजायचंय. तुमची परवानगी असेल तर. सगळ्यांना."

सगळं एका दमात. एकही स्वल्पविराम नव्हता.

ताईंनी त्याच्याकडे तोंडात बघावं तसं बघितलं, अगदी अध्यक्षबाईंसारखं, आणि मग मुलांकडे वळून इतक्या मोठ्याने ओरडल्या की तोच दचकला. "चला रे! आजोबा माप घेणार! भिंतीला पाठ लावा!"

मुलं धावत आली. आणि मग जे घडलं त्याने त्याचं सगळं अंग हललं. पहिला मुलगा भिंतीशी उभा राहिला, छाती फुगवली, आणि टाचा वर. दुसरी आली, तिच्याही वर. तिसरा तर इतका उंच झाला की हेलपाटून ताईंच्या अंगावर पडला. रांगेत मागे उभी असलेलीही आधीपासूनच पायांच्या बोटांवर सराव करत होती. एक जण नाही, एकजात टाचा उचललेली तेवीस पोरं. तीस वर्षं ज्या गोष्टीला तो आपल्या घरातली एक चोरटी चूक समजत होता, ती प्रत्येक मुलाच्या पायात होती. माप म्हटलं की मूल वाढतं. त्याला हसू आलं. पोटातून, खांदे हलवत. आणि त्या हसण्यात एक बारीक हुंदका होता तो त्याने चष्मा पुसून लपवला.

मग त्याने बगलेतलं पुस्तक उघडलं, खुणेसाठी ठेवलेला कोरा कागद काढला आणि त्याच्या लांब पट्ट्या फाडल्या. "हे बघा. ही पट्टी टाचेखाली दाबून धरायची. मी ओढणार. सुटली तर मी जिंकलो, नाही सुटली तर तुम्ही." आता गंमत उलटली. मुलं टाचा अशी रोवून उभी राहिली की पट्टी फाटेल पण निघणार नाही. तो गुडघ्यांवर बसला, सत्तर वर्षांचे गुडघे कुरकुरले, आणि त्याने मोजायला सुरुवात केली. जमिनीपासून कोपरापर्यंत. ताई लिहून घेत होत्या. एकोणपन्नास. पन्नास. एकोणपन्नास. एक्कावन्न. अठ्ठेचाळीस. कोपरं मऊ होती, काहींवर खरचटल्याच्या खपल्या होत्या, एकावर निळ्या रंगाचा ठिपका, आणि सगळ्या बाह्या ओल्या. प्रत्येक ओली बाही त्याने बोटांनी दुमडून वर सरकवली. प्रत्येकाला सॉरी म्हणावंसं वाटत होतं, पण मुलांना त्याचं काय, त्यांना पट्टीची पडली होती. "नाही निघाली! मी जिंकलो!" नात आली तेव्हा तिने त्याला अनोळखी माणसासारखं वागवलं, कारण रांगेत वशिला नको. पन्नास. शेवटी एक अगदी पिटुकली मुलगी उरली, सगळ्यांच्या मागे, टॉवेल ठेवतात त्या कपाटाआड. ती पुढे यायला तयार नव्हती. त्याने तिला बोलावलं नाही. तिच्याकडे न बघता पट्टी फरशीवर ठेवली आणि वाट बघितली. ह्या बाबतीत त्याचा अनुभव मोठा होता. थोड्या वेळाने दोन छोटे पाय पट्टीवर येऊन उभे राहिले. सेहेचाळीस.

ताईंनी बेरीज मांडली. "सरासरी काढते. एकोणपन्नास येईल बघा."

"येईल," तो म्हणाला. आणि त्याला पेपरमिंटचा वास आला, अगदी जवळून. धोरणातल्या जिन्याच्या कठड्यावरून वाद झाला होता तेव्हा अध्यक्षबाई हेडमास्तरांना म्हणाल्या होत्या, उंच मूल वाकू शकतं हो. बुटकं मूल तुमच्या सोयीसाठी वाढू शकत नाही. "सरासरी नको," तो म्हणाला. "सेहेचाळीस."

तीन वाजून गेले होते. बहुतेक मुलांना घरचे घेऊन गेले होते; सहा-सात उरली होती आणि ती पट्ट्यांचा खेळ एकमेकांवर खेळत होती. त्याने कार्यालयाचा नंबर लावला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला, म्हणजे निदान मागून कोणी ऐकणार नाही.

"बोला सर. बरोबर आहे ना?"

"नाही," तो म्हणाला. "चुकीचा आहे. लिहून घेता का?"

पलीकडे कीबोर्डच्या कळांचा आवाज सुरू झाला.

"जुना आकडा एका मुलीवरून घेतला होता. माझ्या मुलीवरून. तिच्या टाचा उचललेल्या होत्या आणि मी बघितलं नाही. वीस मोजायला सांगितली होती, मी एक मोजली. सही माझी आहे. हे असंच लिहा."

टकटक थांबली.  त्याला वाटलं, फोन तुटला. नंतर वाटलं, तुटला असता तर बरं. मग ती म्हणाली, "सर, मी बुटकी आहे."

"अं?"

"आत्ताही आहे, तेव्हा तर फारच होते. मी अशाच बालवाडीत होते. धोरणानंतर निघालेल्या पहिल्यांपैकी असणार. माझ्या बाह्या रोज ओल्या. आई रोज ओरडायची की बाकीच्यांपेक्षा तुझीच बाही कशी जास्त भिजते. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. आकड्याला आधार नाही म्हणून विचारलं हे खरंच आहे. पण… म्हणूनही विचारलं."

भिंत पाठीला थंड लागत होती. "माफ करा," तो म्हणाला. ह्या दोन शब्दांसाठी तीस वर्षं लागली आणि ते किती लहान निघाले.

"एक सांगू का सर? हात मात्र मी स्वतः धुवायचे. घरी आजी धुऊन द्यायला यायची तर तिला हात लावू द्यायचे नाही. आमच्या ताई म्हणायच्या, आपल्याकडे सगळे स्वतःच धुतात." ती हसली असावी. "पान एकोणीस. नव्या मसुद्यात आम्ही त्या वाक्याला हात लावलेला नाही. जसंच्या तसं ठेवलंय."

  समोर ती पिटुकली मुलगी बेसिनची कड दोन्ही हातांनी धरून आत काय आहे ते बघत होती, आणि तिच्या पाठीकडे बघताना त्याला वाटलं की आपण टेबलाच्या शेवटी, दाराजवळ बसलो होतो ते बरंच झालं. त्या खोलीत मुलं आली असती तर दारातूनच, आधी त्याच्यापाशी, आली असती.

"नवा आकडा, सर?"

"सेहेचाळीस. आधार लिहा, 'तेवीस मुलांच्या प्रत्यक्ष मोजमापावरून, टाचा टेकवून, सर्वांत लहान मूल धरून.'"

"टाचा टेकवून? असं परिशिष्टात लिहायचं?"

"लिहायचं. आणि दोन्हीकडे स्वल्पविराम द्या."

"दिले," ती म्हणाली. तीन चाळीस झाले होते.

फोन खिशात टाकून तो वळला तर नात समोर उभी. दप्तर पाठीला, एक पट्टी हातात. "आजोबा, सगळ्यांचं झालं. तुमचं कुठे झालं?"

"माझं कशाला? मी मोठा आहे."

"ताई, आजोबा घाबरले!"

उरलेली सहा-सात मुलं लगेच जमली. ताईंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि टेप हातात घेतली. "चला, आजोबा. बूट काढा. नियम सगळ्यांना सारखा." तो लाजला, कान तापले, नाही नाही म्हणाला, आणि बूट काढले. मोजे एका बोटाला विरले होते. ते कुणी बघितलं नाही, किंवा सगळ्यांनी बघितलं. तो भिंतीशी उभा राहिला. नातीने खाली बसून त्याच्या टाचेखाली पट्टी सरकवली, जीभ दातांत धरून, फार काळजीने. समोर सात चेहरे वर बघत होते. त्याने मान सरळ केली. छाती भरून आली. आजूबाजूला कोणी बघतंय का हे त्याने पाहिलं नाही, सगळेच बघत होते.

नातीने पट्टी ओढली.

"निघाली!" ती किंचाळली. "आजोबा, निघाली! टाचा!"